मत मागायला आलेला माणूस उत्तर घेऊन परत येतो का

जून २०२२ मधला तो फोन कॉल सगळ्यांना आठवत असेल, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". शिंदे साहेबांबरोबर शिवसेनेचे आमदार गुवाहाटीला जाऊन बसले होते आणि आमच्या सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील तिथून आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलत होते, ती क्लिप बाहेर आली आणि बघता बघता अख्ख्या महाराष्ट्रात पोचली, गाणी झाली, रील्स झाले. मी मूळची सांगोला तालुक्यातली, राहते पुण्यात, त्यामुळे ऑफिसात कितीतरी दिवस सगळे मला तेच ऐकवत होते. पण मला त्या क्लिपमध्ये झाडी-डोंगारापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली होती आणि अजूनही वाटते. राज्यात सरकार पडायची वेळ आलीय, आमदार हजारो किलोमीटर लांब एका हॉटेलात आहे, आणि तरी तालुक्यातला एक साधा कार्यकर्ता त्याला फोन लावून विचारू शकतो की कुठं आहात, काय चाललंय. आणि आमदार फोन उचलतो, आपल्या बोलीत बोलतो, आपली बाजू सांगतो. त्या कार्यकर्त्याला गावात चार लोकांनी विचारलं असणारच ना, तुझा नेता कुठं आहे म्हणून, त्याला त्या चार लोकांना उत्तर द्यायचं होतं.

मला वाटतं पक्ष आणि मतदार यांच्यातला संवाद म्हणजे नेमकं हेच. खालून विचारलेला प्रश्न वर जाणं आणि वरून उत्तर परत येणं. बाकी सगळी जाहिरात. आणि आज पक्ष आपल्याशी जेवढं बोलतात तेवढं पूर्वी कधीच बोलत नव्हते, रोज बोलतात, सकाळी गुड मॉर्निंगपासून बोलतात, पण त्यातल्या कशालाही उत्तर देता येत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो म्हणून हे लिहितेय.

सांगोल्याचंच उदाहरण पुढे नेते कारण ते मला जवळून माहितीय. आमच्याकडे गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, ११ वेळा आमदार झाले. १९६२ ला पहिल्यांदा आणि २०१४ ला शेवटचे. मधे दोनदा हरले, त्यातलं १९९५ चं हरणं शहाजीबापूंकडूनच होतं. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांच्यावर बाहेरच्या पेपरात खूप लिहून आलं आणि ते खरंच आहे, पण बाहेरच्यांनी त्याकडे साधेपणा म्हणून बघितलं. आमच्या भागात त्याचा अर्थ वेगळा होता. एसटीत बसलेल्या माणसाच्या शेजारी कुणीही बसू शकतं. सांगोल्याहून गाडी सुटली की वाटेत चढणारा प्रत्येक जण नमस्कार करून आपलं काम सांगायला लागायचा, कुणाचा सातबारा, कुणाच्या पोरीचा दाखला, कुणाच्या विहिरीवरचं वीज कनेक्शन. ज्या आमदाराच्या गाडीच्या काचा काळ्या आहेत आणि पुढेमागे चार स्कॉर्पिओ आहेत त्याला हे सांगायचं कसं, त्याला हात करायचा तर आधी गाडी थांबायला तरी पाहिजे.

पण एकटा आमदार एसटीत बसून काही होत नाही, त्याच्या खाली जे होतं ते मला जास्त सांगायचंय. आमच्या वस्तीवर एक तात्या होते. शेकापचे. पक्षाने त्यांना कधी काही दिलं नाही, पद नाही, पैसा नाही. जुनी लोकं अजून शेकापला त्याच्या जुन्या निवडणूक चिन्हावरून खटारा म्हणतात, तात्या त्या खटाऱ्याच्या काळापासूनचे, लाल बावट्याचे. त्यांच्याकडे एक वही असायची लांबडी, दुकानदाराच्या खतावणीसारखी, आणि त्यात वस्तीवरच्या घराघराची नोंद. कोण पुण्या-मुंबईला कामाला गेलंय आणि मतदानाला येणार का, कोण सूतगिरणीत लागलंय, कुणाची म्हातारी आजारी आहे आणि तिला बूथपर्यंत न्यायला बैलगाडी लागेल. आणि त्याच वहीत मागच्या बाजूने कामं लिहिलेली. रविवारी सांगोल्याला जनावरांचा बाजार असतो, तात्या बाजाराला जायचे तेव्हा ती वही घेऊन जायचे आणि संध्याकाळी येऊन ज्याचं त्याला सांगायचे, तुझं काम झालं, तुझं अर्जावर अडकलंय, तुझं होणार नाही. "होणार नाही" हेसुद्धा सांगायचे. मी लहान होते तेव्हा मला हे काही विशेष वाटायचं नाही, आता वाटतं की "होणार नाही" असं तोंडावर येऊन सांगणारा पक्षाचा माणूस मी त्यानंतर बघितलेलाच नाही.

पाण्याचं तर काय सांगू. आमचा तालुका दुष्काळी, माण नदी नावाला नदी. नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब आणि भारत पाटणकर यांनी मिळून १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी केली, आटपाडीला पाणी परिषद भरायची आणि आमच्या वस्तीवरून ट्रकने, जीपने माणसं जायची. कृष्णेचं पाणी टेंभूच्या योजनेतून वर उचलून कुठल्या तालुक्याला किती मिळणार, कालवा कुठून जाणार, कुठल्या टप्प्याला पैसे अडकलेत, हे सगळं शाळा न शिकलेल्या माणसांना पाठ असायचं. कारण परिषदेला जाऊन आलेला माणूस वस्तीवर येऊन सांगायचा. टीएमसी, म्हणजे धरणा-कालव्याचं पाणी मोजायचं माप, हा शब्द मी पेपरात वाचायच्या आधी आमच्या ओट्यावर ऐकलाय. आज त्याच तालुक्यातल्या तरुण पोरांच्या फोनमध्ये दिवसाला शंभर राजकीय मेसेज येतात, पण आपल्या गावाला कुठल्या फाट्याने पाणी येणार आहे हे विचारलं तर सांगता येत नाही. पोरांचा दोष नाही हा, त्यांना ते कुणी सांगतच नाही.

आता याचा अर्थ असा नाही की तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं. तात्या आमच्या घरी यायचे तेव्हा ओट्यावर बसून माझ्या आजोबांशी बोलायचे, आजी आत चुलीपाशी. आजीला कुणी कधी विचारलं नाही की तुला काय वाटतं. घरातली सगळी मतं आजोबांच्या नावावर धरलेली असायची, वहीतसुद्धा घराच्या पुढे आजोबांचंच नाव आणि कंसात मतांचा आकडा. आणि गावाबाहेरच्या मागासवर्गीय वस्तीत सगळ्याच पक्षांचे लोक जायचे ते मतदानाच्या आदल्या एक-दोन रात्री, तिथली कामं कुणाच्या वहीत लिहिलेली मला तरी दिसली नाहीत. म्हणजे संवाद होता पण तो ठराविक घरांशी होता, ठराविक माणसांशी होता. मुंबईत शिवसेनेच्या शाखांचं पण तसंच काहीसं, १९६६ ला पक्ष निघाला आणि मग गल्लोगल्ली शाखा झाल्या. संध्याकाळी शाखेत गेलं की शाखाप्रमुख भेटणार, पाणी येत नाही, ॲडमिशन होत नाही, ॲम्ब्युलन्स पाहिजे, सगळं तिथं सांगता यायचं. माझ्या मावशीचं सासर लालबागला, ती अजून सांगते की कॉर्पोरेशनच्या ऑफिसात जाण्यापेक्षा शाखेत जाणं सोपं होतं. पण शाखेची भीती वाटणारी माणसंही त्याच मुंबईत होती आणि त्यांना ती पायरी चढता येत नव्हती, हेही खरं.

तर मग नवीन आलं ते काय आलं. २०१४ मध्ये भाजपने मिस्ड कॉल देऊन सभासद करून घ्यायला सुरुवात केली, एक नंबर, त्याला मिस्ड कॉल द्या, झालात मेंबर. बाकीच्या पक्षांनीही मग तसलंच काही ना काही केलं. आणि भाजपचा तो पन्नाप्रमुख. मतदारयादीच्या एका पानावर साधारण ३० नावं असतात, त्या एका पानाला एक माणूस, त्याने त्या ३० मतदारांना ओळखायचं, भेटायचं, मतदानाला आणायचं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला खरंच आवडलं होतं कारण ही तात्यांचीच वही आहे, फक्त पक्षाने ठरवून केलेली. आणि जिथे तो पन्नाप्रमुख त्याच गल्लीतला असतो, वर्षभर दिसतो, तिथे ते चालतंही, हे मी आमच्या नात्यातल्या एका घरात बघितलंय. शिवसेनेत गटप्रमुख असतात, काँग्रेस-राष्ट्रवादीत बूथ कमिट्या असतात, कागदावर सगळ्यांकडेच आहे. प्रश्न येतो तो माणूस फक्त मोजायला येतो की ऐकायला येतो.

माझ्या पुण्यातल्या सोसायटीत विधानसभेच्या वेळी एक मुलगा आला होता, कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही, सगळ्यांचेच असे येतात. हातात मोबाईल, त्यात ॲप. घरात किती मतं, मोबाईल नंबर काय, मागच्या वेळी कुणाला दिलं, यावेळी कल कुणाकडे, लाभार्थी आहात का कुठल्या योजनेचे. नम्र मुलगा होता, शिकलेला, दिवसाच्या पैशावर काम करत होता. मी त्याला म्हटलं अरे आमच्याकडे पाण्याचा टँकर बारा महिने चालू आहे, दर महिन्याला मेंटेनन्समध्ये त्याचे वेगळे पैसे जातात, हे लिहून घे. तो म्हणाला मॅडम यात तो ऑप्शन नाहीये. आणि त्याने मला स्क्रीन दाखवला, खरंच नव्हता. मला त्या मुलाचा राग आला नाही पण ज्याने ते ॲप बनवून घेतलं त्याला माझ्याकडून माझं मत सोडून दुसरं काहीही नको होतं हे एवढं स्पष्ट दिसलं की नंतर बराच वेळ मन लागेना.

आणि ते रेकॉर्डेड कॉल. "नमस्कार, मी अमुक तमुक बोलतोय." माझी आई गावाकडे असते, तिला असा कॉल आला की ती थांबून ऐकते, मोठ्या माणसाचा आवाज आहे म्हणून मधे मधे हां, हां म्हणते, आणि संपता संपता आपलं बोलायला जाते की साहेब आमच्याकडं डांबरी रस्ता अजून... आणि फोन कट. तिला मी सांगितलंय की ते आधीच बोलून ठेवलेलं असतं, तरी ती बोलते. ७० वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा मुख्यमंत्र्यांचा आवाज स्वतःच्या कानाशी ऐकू येतो आणि तिला वाटतं की आता सांगता येईल, यात तिचं काय चुकलं. आता तर एआय आलंय, एप्रिल २०२५ ला नाशिकला ठाकरेंच्या शिवसेनेच्या शिबिरात एआयने तयार केलेला बाळासाहेबांचा आवाज ऐकवला. त्याच्या आधी तमिळनाडूत करुणानिधींचा तसा व्हिडिओ केला होता. तिथे निदान समोर बसलेल्यांना माहिती होतं की हे मशीनने केलंय. उद्या हाच आवाज आईच्या फोनवर तिचं नाव घेऊन बोलायला लागला तर तिला कोण सांगणार.

कायद्याची एक गोष्ट मला नेहमी आठवते. निवडणुकीचं साधं हँडबिल छापायचं तरी त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ. का, तर उद्या त्यात खोटं असेल तर कुणाला धरायचं हे कळलं पाहिजे. रात्री १० नंतर माईक बंद. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. हे सगळं सभा, भोंगा आणि कागद यांच्या काळात बसवलेलं आहे आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डला यातलं काहीच लागू पडल्यासारखं दिसत नाही. रात्री ११ ला येतो, आदल्या दिवशी येतो, कुणी लिहिला पत्ता नाही, कुणी पैसे दिले पत्ता नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन्ही बाजूंचे येतात आणि त्यावरून सख्खे चुलत भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, दिवाळीला एकत्र बसेनात. ज्याने तो मेसेज लिहिला तो कुठल्यातरी ऑफिसात बसलेला, त्याला हे दोघं माहितीसुद्धा नाहीत. समोरासमोर सभेत कुणी असं बोललं असतं तर कुणीतरी उठून म्हटलं असतं की ओ साहेब, हे खोटंय.

सभांचं मला अजून अप्रूप आहे, ते कबूल करते. मोठ्या सभेत प्रश्न विचारता येत नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अत्र्यांच्या सभांना, अमर शेखांच्या शाहिरीला लोटलेल्या गर्दीतही कुणी हात वर करून प्रश्न विचारत नसेल. पण माणूस समोर उभा असतो आणि त्याला गर्दीचा चेहरा दिसत असतो. १८ ऑक्टोबर २०१९ ची पवारांची साताऱ्याची सभा घ्या. पावसातला तो फोटो सगळ्यांनी बघितला, पण त्या सभेत त्यांनी लोकांसमोर मान्य केलं की लोकसभेला उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली. माझ्या माहेरच्या माणसांना, जे राष्ट्रवादीचे नव्हेत, त्यांनाही ते भिडलं. एवढा मोठा नेता चुकलो म्हणतोय, तेही मत मागताना. किंवा त्याच वर्षी लोकसभेला राज ठाकरेंनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत जे केलं ते, मेळघाटातल्या हरिसालची डिजिटल गाव म्हणून जाहिरात केली होती, त्यांनी त्या जाहिरातीतला मुलगाच स्टेजवर आणून उभा केला. मनसेने त्या वेळी एकही उमेदवार दिला नव्हता. मतांवर त्याचा काय परिणाम झाला म्हणाल तर राज्यात युतीच्या ४८ पैकी ४१ जागा आल्या, म्हणजे फार झाला नाही. पण मला ती गोष्ट लक्षात राहिली कारण जाहिरातीत दाखवलेल्या माणसाला कुणीतरी विचारलं की बाबा, तुझ्या गावात खरं काय आहे.

बायकांशी पक्ष बोलायला लागले ते कधी, तर माझ्या मते खऱ्या अर्थाने २०२४ ला. त्याआधी संक्रांतीचं हळदीकुंकू, स्टीलचा डबा वाण म्हणून, नगरसेवकाच्या पत्नी वहिनींच्या हस्ते, एवढंच. २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये बायकांना ५० टक्के आरक्षण झालं, सदस्य झाल्या, सरपंच झाल्या, तरी प्रचार पुरुषांशीच चालायचा. सरकारची लाडकी बहीण योजना आली आणि ते बदललं, हे मान्य केलं पाहिजे. महिन्याला १५००, वय २१ ते ६५, थेट बाईच्या खात्यावर. आणि याचा प्रचार टीव्हीने केला नाही, तो केला अंगणवाडीच्या ताईंनी. त्यांच्याकडे फॉर्म भरायला रांगा लागल्या, एका फॉर्ममागे ५० रुपये मिळणार होते त्यांना. माझी आत्या मंगळवेढ्याच्या बाजूला दिली आहे, तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बँकेत खातं काढलं. अजितदादा गुलाबी जॅकेट घालून जनसन्मान यात्रा काढत होते, मुख्यमंत्री भाऊ म्हणून पत्र पाठवत होते, गल्लोगल्ली राखीच्या फोटोचे फ्लेक्स. मग निवडणुकीत महायुतीने २१०० म्हटलं, आघाडीने ३००० म्हटलं. १० नोव्हेंबरला भाजपचा आणि आघाडीचा जाहीरनामा आला, एकाच दिवशी, आणि २० ला मतदान. म्हणजे दहा दिवसात बाईने ते वाचायचं, समजून घ्यायचं, कुणाला विचारायचं आणि ठरवायचं.

आत्या म्हणाली मला कुणी जाहीरनामा दाखवला नाही, आकडा सांगितला.

आणि नंतरचं जे आहे ते मला सगळ्यात जास्त लागलं. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये २१०० ची तरतूद आली नाही. पुढे पडताळणी सुरू झाली, ई-केवायसी आलं, कितीतरी जणींचे पैसे थांबले. पडताळणी करू नये असं मी म्हणत नाही, सरकारचा पैसा आहे, ज्यांना नियमात बसत नाही त्यांना मिळू नये. पण पैसे सुरू होताना दाराशी पाच-पाच माणसं आली होती, पेढे वाटत, फोटो काढत. थांबले तेव्हा एकही आलं नाही. आत्याच्या शेजारणीचे थांबले, का थांबले ते तिला कुणी सांगेना, ती जायची कुणाकडे तर त्याच अंगणवाडीच्या ताईंकडे, आणि त्या बिचाऱ्या म्हणायच्या अगं मला तरी कुठं कोण सांगतंय. विरोधी पक्षाचे लोक टीव्हीवर याच्यावर भरपूर बोलत होते पण त्या शेजारणीच्या दारात तेही गेले नाहीत.

शहरात तर मधली काही वर्षं दारात येणारं कुणी उरलंच नव्हतं. पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मुंबईची पण तेव्हाच, आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तोवर तीन वर्षं होऊन गेली होती. नगरसेवकाबद्दल लोकांचं मत काही फार चांगलं नसतं, वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारा म्हणूनच ओळखतात, पण ड्रेनेज तुंबल्यावर रात्री ज्याला फोन करता येतो असा पक्षाचा शेवटचा माणूस तोच असतो. त्याला गल्लीतले लोक शिव्या घालू शकतात आणि त्याला त्या ऐकून घ्याव्या लागतात, कारण परत त्याच गल्लीत यायचंय. तो कायद्याने गेला आणि आमच्या भागातले माजी नगरसेवक म्हणायला लागले की माझ्या हातात काही नाही, आयुक्तांना लिहा. आयुक्तांना मत कोण मागतं? त्यात पुण्यात २०१७ पासून चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे होते तेव्हासुद्धा चौघांतला नेमका कुणाचा दरवाजा वाजवायचा हे लोकांना कळायचं नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा.

सांगोल्यात २०१९ ला काय झालं ते सांगते. आबासाहेब उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. एका मतदारसंघात तीनशेच्या आसपास बूथ धरले तर बूथमागे अडीच मतं. एवढ्या फरकाने जिथे आमदार ठरतो तिथे एका वस्तीवरचा एक तात्या म्हातारा होऊन घरी बसला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही, तर निकाल फिरतो. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ ला त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले, २५ हजारांच्या आसपास मतांनी, आणि झाडी-डोंगारमुळे महाराष्ट्रभर गाजलेले शहाजीबापू हरले. या निकालाला कारणं पुष्कळ आहेत, तिरंगी लढत होती, फुटीचा राग होता, आबासाहेबांच्या घराबद्दल माया होती. पण अख्ख्या राज्याला माहीत असणं आणि वस्तीवर माहीत असणं यात फरक आहे एवढं मला त्यातून नक्की दिसलं. आणि नवीन आमदारांनाही हेच लागू आहे, आजोबांच्या नावावर एक निवडणूक निघते, पुढची निघण्यासाठी वही लागते.

मला कुणी म्हणेल की आता कुणाला वेळ आहे घरोघर फिरायला, कार्यकर्ते मिळत नाहीत. मिळत नाहीत हे खरंय. जो पोरगा आयुष्य घालवतो त्याला तिकीट मिळत नाही, आदल्या दिवशी दुसऱ्या पक्षातून आलेल्याला मिळतं, हे पोरं बघतात ना. मग ते म्हणतात रोज किती देणार ते बोला. पण व्हॉट्सॲप वाईट आहे असं मी म्हणतच नाही. तेच व्हॉट्सॲप तात्यांच्या हातात असतं तर त्यांनी काय केलं असतं विचार करा, रविवारच्या बाजाराची वाट बघावी लागली नसती. फक्त त्या मेसेजखाली एक नाव आणि एक नंबर पाहिजे, आणि त्या नंबरवर निवडणूक झाल्यावर सहा महिन्यांनीही माणूस बोलला पाहिजे. घरी येणाऱ्या मुलाच्या ॲपमध्ये "तुमचं काय म्हणणं आहे" एवढा एक कॉलम पाहिजे आणि तो कुणीतरी वाचला पाहिजे. जाहीरनामा मतदानाच्या दहा दिवस आधी नको, दोन महिने आधी द्या, आणि त्याच्या पहिल्या पानावर मागच्या जाहीरनाम्यातलं काय झालं आणि काय झालं नाही ते लिहा. कोपरा सभा घेता ना, अर्धा तास तुम्ही बोला आणि अर्धा तास माईक खाली द्या. यातल्या कशालाही ४० लाख लागत नाहीत.

आत्याच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी आता एक केलंय. त्यांच्या मीटिंगच्या रजिस्टरमध्ये त्यांनी एक पान वेगळं काढलंय आणि पुढच्या वेळी मत मागायला जो कुणी येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला बसवून, चहा देऊन तीनच गोष्टी विचारायच्या आणि तो जे सांगेल ते त्याच्यासमोर लिहून खाली त्याची सही घ्यायची असं ठरवलंय: ज्यांचे पैसे थांबले त्यांनी नेमकं कुणाकडे जायचं, उन्हाळ्यात टँकर कुठल्या तारखेला सुरू होणार, आणि तुम्ही परत कधी येणार.